केळ्याच्या वासाचा प्रयोग

सोनगीर आणि नरडाणा यांच्या मधल्या एका गावातल्या शाळेत चुडामण सर विज्ञान शिकवत. शाळा दहावीपर्यंतच. पुढे गावात आर्ट्सचं कॉलेज तेवढं होतं, सायन्स शिकायचं तर धुळे गाठावं लागे. सरांची निवृत्ती जवळ आली होती आणि नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी याच शाळेत काढला होता. माणूस शिस्तीचा. खडू संपेपर्यंत वापरायचा, फळा स्वतः पुसायचा, आणि प्रयोग दाखवल्याशिवाय धडा संपला म्हणायचा नाही.

त्यांचा एक प्रयोग पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. दहावीला कार्बनी संयुगांचा धडा आहे. त्यात अल्कोहोल आणि आम्ल यांपासून ईस्टर तयार होतो, ईस्टरला गोड वास असतो, एवढंच पुस्तकात आहे. सर मात्र धुळ्याच्या दुकानातून अमाइल अल्कोहोल आणत. परीक्षानळीत ते घ्यायचं, त्यात ॲसेटिक आम्ल घालायचं, वरून संहत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडायचे, नळी गरम पाण्यात धरायची आणि मग चंचुपात्रातल्या सोड्याच्या पाण्यात ओतायची. पाण्यावर तेलासारखा थर येई आणि सगळ्या खोलीत पिकलेल्या केळ्याचा घमघमाट सुटे. शेजारच्या वर्गातले मास्तर दारातून डोकावून म्हणत, "काय चुडामण सर, उतरला का रावेरचा केळ्यांचा ट्रक?"

सरांच्या बायकोचं, कमलबाईंचं माहेर रावेरकडचं. पहिल्यांदा हा प्रयोग जमला तेव्हा सरांनी मोठ्या कौतुकाने घरी येऊन सांगितलं होतं. कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एवढी आम्लं कशाला जाळता? सांगितलं असतं तर माहेरून घडच आणला असता." हा किस्सा सर पुढे दर वर्षी वर्गात सांगत आणि वर्ग दर वर्षी हसे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही धुळ्याच्या दवाखान्यात दाखल झाले. सर परत आले. कमलबाई आल्या नाहीत. त्यांचं तोंडसुद्धा कुणी नीट पाहू दिलं नाही. घरी आल्यावर सरांनी कपाट उघडलं, कमलबाईंच्या नेहमीच्या लुगड्याची घडी काढली आणि तोंडाशी धरली. काहीच आलं नाही. कापूस धरावा तसं. डॉक्टर म्हणाले होते, वास जातो पण हळूहळू परत येतो. सरांनी वाट पाहिली. पुढे वाट पाहायचंही सोडलं. अमोनियाची बाटली उघडली की डोळ्यांत पाणी येई, सिरका नाकात झोंबे. पण ते झोंबणं होतं, वास नव्हता.

शाळा भरली, धडा आला, प्रयोग झाला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला आला का वास?" सर म्हणाले, "आला की."

खोटं बोलायची त्यांना गरज नव्हती. वास येत नाही म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही. पण वास गेला म्हटलं की कधी गेला, कसा गेला, हे ओघाने येणार. मग गोष्ट कमलबाईंवर येणार आणि समोरचा माणूस तोंड पाडून उभा राहणार. ते त्यांना नको होतं. त्यापेक्षा 'आला की' सोपं होतं. एकदा म्हटलं, मग दर वर्षी म्हणावं लागलं.

त्यासाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. चंचुपात्रावरून हात फिरवायचा, नाकाशी हवा ओढल्यासारखं करायचं आणि नजर ठेवायची मुलांच्या तोंडांवर. एखादा हसला, एखादीने भुवया उंचावल्या की म्हणायचं, "बघा, आला ना?" मग सगळे एका सुरात म्हणत, "आला सर." पात्राकडे बघायची गरजच उरली नव्हती.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलं गटागटाने टेबलाभोवती उभी होती. सरांनी फळीवरून अमाइल अल्कोहोलची लेबल लावलेली बाटली काढली, बूच उघडलं आणि प्रत्येक गटाला नळीत मोजून दिलं. आम्ल पडलं, नळ्या गरम झाल्या, सोड्याच्या पाण्यात ओतल्या गेल्या, फेस आला. सरांनी हात फिरवला.

"आला ना?"

"आला सर!" पियुष सर्वांत आधी ओरडला. "एकदम सावद्याचा माल!"

वर्ग हसला. सगळे आला आला म्हणू लागले. खिडकीजवळच्या टेबलावरून ऋतिका म्हणाली, "सर, नाही येत."

"काय नाही येत?"

"केळ्याचा वास. नुसता सिरक्यासारखा येतोय."

"सर्दी झाली असेल तुला."

"नाही सर. आणि वर थर पण नाही आला. तेलासारखा थर येतो, तुम्हीच शिकवलं होतं."

पियुष म्हणाला, "सर, तिचं नाक व्हीआयपी आहे. आपली साधी केळी तिला चालत नाहीत."

पुन्हा हशा झाला. सरांचे कान तापले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. "सगळ्या वर्गाला येतो आणि तुला एकटीलाच येत नाही? मग चूक कोणाची?"

लिहायच्या वेळी मात्र ऋतिकाने आपल्याला दिसलं तेच लिहिलं: थर दिसला नाही, वास आला नाही. बाकी सगळ्यांनी पुस्तकातलं लिहिलं होतं. सरांनी तिच्या ओळीवर लाल रेघ मारली, 'निरीक्षण चुकीचे' असं लिहिलं आणि गुण कापले. खिडकीजवळच्या चंचुपात्रात त्यांनी वाकून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात ऋतिकाचे वडील, पितांबर, बाजाराच्या दिवशी बसथांब्यावर भेटले. थोडीफार शेती असलेला, कमी बोलणारा माणूस. डोक्यावरची टोपी काढून हातात घेत म्हणाला, "सर, पोर सायन्स सायन्स करस. धुळाले ठेवनी पडी. जमी का तिले? तुम्ही सांगशात तसं."

सरांच्या मनात अजून तो हशा होता. ते म्हणाले, "हुशार आहे, पण हट्टी आहे. सगळ्यांना दिसतं ते तिला दिसत नाही. सायन्सला बारीक नजर लागते, पितांबरभाऊ. तिला झेपेल असं वाटत नाही."

"बस, व्हयनं मंग," पितांबर म्हणाला आणि टोपी घातली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक मोठं काम मार्गी लागल्यासारखं दिसलं. सरांची बस आली आणि बोलणं तिथेच संपलं.

बोर्डाची परीक्षा झाली. मे महिन्यात सर आणि प्रयोगशाळेचा परिचर अभिमन सामान आवरायला बसले. अभिमनने फळीवरची मोठी बाटली उचलली आणि मोरीत ओतू लागला.

"अरे, अरे! अमाइल अल्कोहोल आहे ते!"

"नही सर, पानी शे," अभिमन म्हणाला. "तयाले गाळ बसेल व्हता, म्हनीसन दिवाईनंतर धुई आनि पानी भरीसन भिजत ठेवी. औषध ते मी त्या न्हानी बाटलीमा काढेल शे." कोपऱ्यातली एक छोटी बाटली त्याने दाखवली. तिला लेबल नव्हतं, दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधला होता.

सर उभेच राहिले. "दिवाळीपासून हिच्यात पाणी? प्रात्यक्षिकाला मी हीच मोठी घेतली होती."

"पन सर, बूच काढताच ते..." अभिमन म्हणाला, आणि मधेच थांबला. अमाइल अल्कोहोलचा वास घशात बसणारा असतो. नाक असलेल्या कोणालाही बूच काढताच कळलं असतं. अभिमनने मान खाली घातली आणि रिकामी बाटली उगाच पुसत बसला.

सर स्टुलावर बसले. पाण्यात आम्ल घातलं तर ईस्टर कुठून होणार? त्या दिवशी एकाही नळीत काहीच तयार झालं नव्हतं. नाकाचं सोडा, डोळे तर शाबूत होते. थर आला नव्हता, आणि तो आला नाही हे एका मुलीने तोंडावर सांगितलं होतं. अख्ख्या वर्गाला वास आला होता, कारण सरांना आला होता.

त्यांनी छोटी बाटली मागितली. स्पिरिटचा दिवा पेटवला, सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. सोड्याच्या पाण्यावर पातळ, चकचकीत थर तरंगला. अभिमन हळूच म्हणाला, "आते कसा घमघमाट शे, सर." सरांनी ड्रॉपरने वरचा थर उचलला, एका कोरड्या नळीत घेतला, घट्ट बूच लावलं, नळी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि स्कूटरला किक मारली.

पितांबरच्या शेतात उन्हाळी भुईमूग काढणं चाललं होतं. बांधावरच्या निंबाखाली उपटलेल्या वेलांचा ढीग पडला होता आणि ऋतिका आईबरोबर शेंगा तोडत बसली होती. सरांना पाहून आई पदर सावरत शेतातल्या झोपडीतून पाणी आणायला उठली. ऋतिका उभी राहिली, हाताची माती फ्रॉकला पुसली.

सरांनी रुमाल सोडला आणि नळी तिच्या हातात दिली. "बघ बरं, येतो का वास?"

ऋतिकाने नळी हातात घेतली. आधी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मग नळी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "आला सर. केळ्यासारखा."

बूच नळीलाच होतं.

सरांना पहिल्यांदा काय झालं ते कळलं नाही. मग ते म्हणाले, "बूच तर काढ."

"राहू द्या ना सर. आला म्हटलं ना."

"ऋतिका, त्या दिवशी बाटलीत पाणी होतं. तुझं बरोबर होतं. थर आला नव्हता." सर म्हणाले. "मला वास येत नाही. करोनापासून येत नाही."

"माहीत आहे सर."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या आधीच्या मुलांनी सांगून ठेवलं होतं. सर विचारतील तेव्हा आला म्हणा, नाही म्हटलं की त्यांना कमलबाईंची आठवण येते." ती खाली बघत शेंगेचं देठ खुडत राहिली. "पियुष टवाळ आहे, पण त्यालाही म्हणूनच आधी ओरडायला लावलं होतं."

"मग तू का नाही म्हणालीस?"

"परीक्षा होती ना सर. मला वाटलं, परीक्षेत तुम्हाला खरं पाहिजे असेल."

पितांबर पलीकडच्या वाफ्यातून आला. सरांनी त्याला सगळं सांगितलं. बाटलीचं, पाण्याचं, नाकाचं, कापलेल्या गुणांचं. मी चुकलो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, पोरीला सायन्सलाच घाला, असं दोनदा सांगितलं. पितांबरने ते सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुम्हीनच ते सांगं व्हतं, जमाव नही म्हनीसन. मी बठ्ठासले तेच सांगी ऱ्हायनू. तिना आजलाले, मामाले. आते गावनं कॉलेज पक्कं व्हयी गयं. आर्ट्स. घरनी भाकर खाईसन जाई."

"अजून निकाल लागायचा आहे, पितांबरभाऊ. प्रवेश बदलता येतो."

"येस ना. कागद बदलता येस." पितांबर हसला, पण ते हसणं बोलणं संपवण्यासाठी होतं. "आज तुम्ही म्हनतस जमाव. तव्हय म्हनेत नही जमाव. मी अडानी मानूस, कोन्ता दिननं खरं धरू? आनि वास नही येस, हाई काय तुम्हना गुन्हा शे का? जाऊ द्या. चहा ल्या."

"तिलाच विचारा मग," सर म्हणाले.

पितांबरने मुलीकडे वळून पाहिलं. "काय वं, सायन्स लेस का?"

ऋतिकाने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग सरांच्या. जसं मघाशी पाहिलं होतं तसंच.

"तुम्ही म्हनशात ते," ती म्हणाली.

पितांबर समाधानाने मान हलवत पुन्हा वाफ्याकडे गेला. आईने चहा आणला. सरांनी तो उभ्यानेच घेतला, कप धुळीत ठेवला आणि स्कूटरजवळ गेले.

किक मारायच्या आधी त्यांनी मागे वळून पाहिलं. ऋतिका पुन्हा ढिगाजवळ बसली होती. नळी अजून तिच्या हातात होती. आई झोपडीत गेल्यावर तिने बूच फिरवून काढलं आणि सरांनी वर्गात शिकवलं होतं तसा हात नळीच्या तोंडावरून नाकाकडे फिरवला. सर वाट पाहत उभे राहिले. ती काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं.

तिने बूच लावलं, नळी शेजारच्या दगडाला टेकवून ठेवली आणि शेंगा तोडू लागली.