काकूंच्या बदलीवर

देवाशी इतक्या मोठ्या आवाजात आणि इतक्या हक्काने बोलणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज सगळ्या जालन्यात दुसरा नसेल. आणि देवाच्या घरी इतक्या निष्ठेने न जाणाराही. जालना नुकताच जिल्हा झाला होता, नवी नवी कार्यालयं उघडत होती. अशाच एका कार्यालयात कारकून म्हणून रुजू झालो आणि या काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो. घर ख्रिस्ती, गल्ली मात्र सगळ्यांची. काका एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. उभं आयुष्य स्टँडवर घनसावंगीच्या आणि मंठ्याच्या गाड्या पुकारण्यात गेलेलं, त्यामुळे कुजबुजणं त्यांच्या घशालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी चर्चची घंटा झाली की काकू पांढरी साडी नेसून, हातात गीतांचं पुस्तक घेऊन निघत. काका त्यांना फाटकापर्यंत पोचवत, "जल्दी चल, उशीर झाला," म्हणून वर रागावत, आणि स्वतः बनियनवर अंगणातल्या लोखंडी खुर्चीत येऊन बसत. न जाण्याची कारणं माणूस पाहून मिळत. चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांनी गुडघ्याचं कारण दिलं होतं. त्याच संध्याकाळी पाळकसाहेब घरावरून जात असताना हे गुडघे पेरूच्या झाडावर होते. शेजारच्या गुरुजींना सांगितलं, की तिथला पंखा नेमका माझ्याच डोक्यावर कुरकुरतो. मला एकदा म्हणाले, "साहेब, देव तिथं असतो, बिलकुल असतो. पण मंडळीबी असती ना! गाडी एक आन् सगळ्यायला खिडकीच पाह्यजे. जिंदगीभर तेच पाह्यलं, आता रविवारीबी तेच पाहू का?"

त्यांची उपासना रोज सकाळी त्या खुर्चीत चाले. डोळे मिटले, की गल्लीतल्या एकेकाचं नाव दुखण्यासकट वर पोचवलं जाई. "प्रभू, गुरुजीची मूळव्याध पुन्हा उसळली. मागं सांगितलं होतं, तू ध्यान दिलं न्हाई." गुरुजी वरणभात जेवताजेवता हे ऐकत आणि संतापत. त्यांनी काकांशी बोलणंच टाकलं. पण मुलीचं स्थळ आलं तेव्हा हेच गुरुजी दिवेलागणीला फाटकाशी येऊन उभे राहिले. "तेवढं कानावर घाला. पण जरा हळू." दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचं नाव, गाव आणि नोकरी साऱ्या गल्लीला पाठ झाली. स्थळ जमलं. गुरुजींनी दत्ताच्या तसबिरीपुढे पेढे ठेवले आणि उरलेला पुडा गुपचूप काकांकडे पाठवून दिला.

समोर एक नर्सबाई राहत. बौद्ध घरातल्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "काका, मी देवबिव मानत न्हाई. माझं नाव घेत जाऊ नका."

"तू नको मानू की. मी काय तुला उभं करून राह्यलो का त्याच्यापुढं? तुझी नाईट ड्यूटी हाय, घरी बराबर पोचव, येवढंच म्हणतो."

नर्सबाईंनी पर्स काखेला मारली आणि त्या ड्यूटीला निघाल्या.

असं सगळं चाललेलं असताना एके दिवशी काकू स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता कोसळल्या. अर्धांगवायू. दवाखान्यातून परत आल्या त्या खाटेवरच. बोलणं हळूहळू परतलं, उजवं अंग मात्र गेलं ते गेलंच. आणि अंगणातली ती खुर्ची गप्प झाली. गल्लीला करमेना. खुद्द गुरुजींनी मला विचारलं, "का हो, यांचं काही ऐकू येत नाही?" मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुसऱ्याचं मागता येतं, साहेब. सोताचं मागायला गेलं की तोंडच उघडत न्हाई."

काकूंना दुखण्यापेक्षा रविवार जड जाई. घंटा झाली की त्या भिंतीकडे तोंड करून रडत. अशाच एका रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंचं पुस्तक काखेत धरून बाहेर पडले. नर्सबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं बाई, काका चर्चला?"

"मी कुठं चाललो? हिच्या बदलीवर चाललो."

तिथे जाऊन ते सरळ बायकांच्या बाजूला, काकूंच्या बाकावर, काकूंच्या जागेवर बसले. बायका आक्रसल्या. पाळकसाहेबांनी पुढून खुणा केल्या. काका उठले नाहीत. नंतर जाब विचारला तेव्हा म्हणाले, "बदलीवाल्यानं ठरलेलीच गाडी न्यायची असती, पाळकसाहेब. आपल्या मनानं रूट बदलता येत न्हाई."

मग दर रविवारी तेच. घरी आले की खाटेजवळ बसत. काकू विचारत, "पह्यलं गीत कोणतं झालं?" आणि काका गीतापासून आशीर्वादापर्यंत सगळं सांगत, कोण आलं, कोण पेंगलं, प्रवचनात पाळकसाहेब कुठे अडखळले आणि तिथे आपण काय बोललो असतो. काकू अर्ध्या तोंडाने पण पुरत्या हसत. माझ्या खोलीत ते हसणं ऐकू येई.

पुढे एका उन्हाळ्यात काकू गेल्या. अंत्यविधीला सगळी गल्ली होती. आता काका रविवारचे घरी बसणार असंच साऱ्यांनी धरलं होतं. पण घंटा झाली आणि ते शर्ट घालून बाहेर आले. फाटकाची कडी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग गेले.

परतल्यावर ते घरात शिरले आणि तसेच बाहेर आले. खाट नातेवाइकांनी आदल्याच दिवशी हलवली होती. पुस्तक हातात घेऊन ते माझ्या दाराशी येऊन थांबले.

"साहेब, काम चालू हाय का काही?"

मी ना देवळातला, ना चर्चमधला. आईने पाठवलेला अंगारा माझ्या कपाटात तसाच पडून असे. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "बसा काका. पहिलं गीत कोणतं झालं?"

ते बसले. त्या दिवशी प्रवचन फार लांबलं होतं. त्यांनी त्यातलं काही गाळलं नाही, आणि मीही घाई केली नाही.