खिशात राहिलेलं पिल्लू

माझ्या थोरल्या जाऊबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. मी लग्न करून या घरात आले त्या दिवशी त्यांनी माझे पाय असे न्याहाळले की मला वाटलं, चपला उलटसुलट घातल्या की काय. नंतर कळलं, बाईंचं कामच ते. बावीस वर्षं त्या हॅचरीत होत्या. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. तिथे छाटणीच्या टेबलावर त्या उभ्या असायच्या. एका दिवसाचं पिल्लू उचलायचं, डोळे बघायचे, बेंबी बघायची, पाय बघायचे. ठीक असेल तर डावीकडच्या खोक्यात, नसेल तर उजवीकडच्या क्रेटमध्ये. त्या क्रेटला तिथे छाट म्हणतात. छाटीत गेलेलं पिल्लू संध्याकाळ बघत नाही.

कारखान्यात त्यांना सगळे कात्री म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पण या कात्रीची एक खोड होती. ज्या पिल्लाबद्दल शंका वाटेल ते ना डावीकडे, ना उजवीकडे. ते सरळ एप्रनच्या खिशात जायचं. तिथे ते उबेला राही आणि कामाची पाळी संपताना त्याला पुन्हा टेबलावर उभं करून बघायचं. याला त्या ‘दुबार’ म्हणायच्या. दुबाराला एखादं पिल्लू नीट उभं राही, बाकीची छाटीत जात.

एका दुपारी कारखान्यात वीज गेली, जनरेटरही रुसला. ट्रे या खोलीतून त्या खोलीत हलवता हलवता सगळ्यांची पळता भुई थोडी झाली आणि त्या गोंधळात जाऊबाई एप्रन अंगावर ठेवून तशाच घरी आल्या. आल्या आल्या बादली भरली, साबणाचा चुरा टाकला, एप्रन बुडवणार तेवढ्यात खिसा ओरडला.

मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. “ताई, काय आहे ते?”

“काही नाही,” म्हणाल्या, पण चेहरा खर्रकन उतरला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून दुबार राहिलं नव्हतं.

हॅचरीचे नियम कडक. बाहेर गेलेलं पिल्लू परत आत न्यायचं नाही, रोग आत नको. आणि कामगाराच्या घरी पक्षी पाळायचा नाही. कोंबडी नाही, बदक नाही, पोपटसुद्धा नाही. म्हणजे त्या पिल्लाचं एकच काय ते करता येत होतं, आणि ते करण्यात जाऊबाईंचा हात कुणी धरला नसता.

“मी तोंड फिरवते, तुम्ही उरका,” मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, अगदी असंच म्हणाले.

त्यांनी पिल्लू फरशीवर उभं केलं. दोन्ही पाय दोन बाजूंना सरकले आणि ते पोटावर आपटलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा आपटलं. मग त्यांनी एक जुना टॉवेल खाली टाकला आणि त्यावर ठेवलं. खरबरीत कापडात नखं रुतली, आणि पिल्लू थरथरत का होईना, उभं राहिलं.

“ट्रे,” जाऊबाई म्हणाल्या. “महिना झाला नवे गुळगुळीत ट्रे आलेत. त्यावर पाय फाकणार नाहीत तर काय होईल? आणि मी आपली टाकतेय छाटीत.” त्या खालीच बसल्या. बादलीतला फेस विरला तरी एप्रन तसाच कोरडा पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं, ट्रेमध्ये खरबरीत कागद घाला. साहेब म्हणाले, वर विचारतो. आठवडा गेला, वरून काही खाली आलं नाही. आठव्या दिवशी बाईंनी टेबलासमोर हाताची घडी घातली. कागद येईपर्यंत मी एका पिल्लाला हात लावणार नाही, म्हणाल्या. अर्ध्या तासात कागद आला.

इकडे घरी पिल्लाच्या दोन्ही पायांना चिकटपट्टीची बारीक फीत बांधली होती, मध्ये बोटभर अंतर ठेवून, म्हणजे पाय फाकायला नकोत. डावा पाय चार दिवसांत ताळ्यावर आला. उजव्याचा सांधा मात्र घसरून घसरून पिळलाच होता. जनावरांच्या डॉक्टरांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “मादी आहे. उजवा पाय असाच राहणार. पण दुखत नाहीये, खातेय, पितेय. तिला आराम कसा मिळेल तेवढं बघा.”

जाऊबाईंनी हे इतकं मनावर घेतलं की घरातल्या बाकीच्यांचा आराम गेला. भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, चांगली धडकी पँट कापून झोळी शिवली. तिला पायांसाठी दोन भोकं आणि मागे एक, कशासाठी ते सांगायला नको. स्टूल उलटं करून त्याच्या चार पायांना ती टांगली. त्यात बसून, पाय जमिनीला टेकवून आमची राणीसरकार दाराबाहेरची रहदारी बघायची. दाणापाणी चोचीच्या उंचीवर. झोळी दिवसातून दोनदा, बाकी वेळ भुशाच्या जाड गादीवर. एकाच जागी बसून छातीखाली चट्टा पडतो, म्हणून कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. जाऊबाई कामावर, म्हणजे दिवसाची कूस माझ्याकडे.

“मी काय नर्स आहे का?” मी एकदा वैतागून म्हणाले.

“नर्स असतीस तर एवढी बोलली नसतीस.”

शेजारीण विचारायची, “चालते का?”

“नाही.”

“अंडी देईल?”

“काय माहीत.”

“मग ठेवलीय कशाला?”

“तुम्हाला घरच्यांनी कशाला ठेवलंय?” जाऊबाईंनी विचारलं. शेजारीण महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही.

चौथ्या महिन्यात हमीपत्राचा कागद आला. दरवर्षी हॅचरीत तो भरून द्यावा लागतो: ‘माझ्या घरी कोणताही पक्षी नाही.’ खाली सही. चार महिने बाई दोनदा अंघोळ करून, कपडे बदलून कामावर जात होत्या, पण ते त्यांना आतून खात होतं. कोंबडी दुसरीकडे ठेवायचीही खटपट करून झाली. एकाने लगेच हो म्हटलं आणि वर वजन विचारलं. दुसरीने कूस बदलायची ऐकून लांबूनच हात जोडले.

“सही करून टाक,” भाऊजी म्हणाले. “कोण येतंय बघायला?”

मीही त्यांची री ओढली. “लिहा ना नाही म्हणून. तशीही ती कुठे पुरती कोंबडी आहे? अर्धीच तर आहे.”

त्यानंतर दोन दिवस जाऊबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला झोंबलं ते बरंच झालं.

तिसऱ्या दिवशी त्या कागद द्यायला निघाल्या, तेव्हा मी आपणहून सोबत गेले. साहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“बाई, हे काय? छापलेलं ‘नाही’ खोडलंत?” साहेब म्हणाले. “आणि वर ‘आहे, एक’? थांबा, दुसरा कागद देतो.”

“दुसऱ्यावरही हेच लिहीन.”

“नियम माहीत आहे ना?”

“नियम बरोबर आहे. नव्या मुलींना मीच तो समजावते.”

“मग त्या कोंबडीचं काहीतरी करून टाका. पुढच्या महिन्यापासून टेबलाच्या मुख्य तुम्ही, माझं बोलणं झालंय.”

“करते आहे की. रोजच करते आहे.”

साहेब तसे वाईट नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, “बावीस वर्षांत हजारो पिल्लं टाकलीत तुम्ही. आता एका लंगड्या कोंबडीसाठी नोकरीवर पाणी सोडता?”

“टाकली. त्यातली कितीतरी उगाच टाकली साहेब, पाय ट्रेने बिघडवले आणि छाटीत मी घातलं. त्यातली ही एकच माझ्या समोर बसून दाणे खाते. तिला ‘नाही’ कसं लिहू?”

साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि फाइलीत लावला. जाऊबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, “चल.”