‘काही’ बायका

नाशिकच्या कॉलेजातल्या त्या मॅडम मोपेडवरून आमच्या दिंडोरीच्या बागेत यायच्या. द्राक्षबागेतल्या मजूर बायकांवर त्यांचा इंग्रजीतून प्रबंध चालला होता. माझ्या बोलण्यातलं ‘सगळे’ त्यांना खपत नसे. ‘‘यंदा सगळ्यांनाच भाव मिळाला,’’ म्हटलं की लगेच विचारायच्या, ‘‘सगळ्यांना, भाऊ, की बऱ्याच जणांना? प्रबंधात ‘ऑल’ लिहिलं तर एकही सुटता कामा नये.’’ मला गंमत वाटायची. मग आमच्या घरी चहा पिऊन, बशीतला खारीचा चुरा बोटाने टिपून त्या कामाला लागायच्या.

एकदा बागेत डिपिंग चालू होतं. बायका मगातल्या औषधात एकेक घड बुडवत होत्या. मॅडम बांधावर बसून आपलं लिहिलेलं मला मराठीत सांगत होत्या, ‘‘काही बायका हातमोज्यांशिवाय काम करतात.’’ सांगता सांगता त्यांनी बायकांकडे पाहिलं. कोपरापर्यंत उघडे, सालं निघालेले हात. मोजे एकीच्याही हातात नव्हते.

मॅडमचे कान लाल झाले. ‘काही’साठी लिहिलेलं ‘सम’ खोडून त्यांनी ‘ऑल’ केलं.

‘‘मोजे मला कुठल्याच बागेत दिसले नाहीत,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘पण तुमच्या घरचा चहा पिते ना भाऊ, म्हणून ‘सम’ लिहिलं.’’

मी मान खाली घालून वेलीची पानं खुडत राहिलो.

पुढेही त्या येत राहिल्या, पण चहा नको म्हणायच्या. पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय न सोडणारा मी. त्यांना ‘घ्या हो’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही.