बिनपत्राची मावशी

मला याद्या करायची सवय आहे आणि ती सवय चांगली आहे असं मी आजही मानते. पिंपरीला कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी तीन वह्या सुरू केल्या. एक पट्ट्या आणि टिंक्चरची, एक किराण्याची, एक मंडळीची, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजाची. माझे यजमान कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. दिवसभर तेही याद्याच तपासायचे. "घरी आलो तरी ड्यूटी संपत नाही," असं ते म्हणायचे. मी हसायचे आणि त्यांच्या नावापुढे 'दळण' लिहायचे.

लिहायचं आहे ते तिसऱ्या वहीबद्दल.

पिंपरी तेव्हा नुकती वसत होती. रेल्वेच्या एका बाजूला फाळणीत आलेल्या सिंधी लोकांची छावणी, दुसऱ्या बाजूला औषधांचा नवा कारखाना, आणि कामगारांच्या क्वार्टरांची बांधकामं संपता संपत नव्हती. मध्ये सगळी ज्वारीची शेतं. आमची ख्रिस्ती घरं अकरा. कुणी नगरकडचं, कुणी जालन्याचं, कुणी कोल्हापूरचं. चर्च नव्हतं. सिमेंट ठेवायची एक शेड रिकामी झाली होती, ती कारखान्याच्या साहेबांना विचारून आम्ही रविवारपुरती घेतली. शनिवारी दोन बायका झाडायच्या, तरी सतरंजी उचलली की खाली पांढरी पूड असायचीच.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पुण्याहून तीन महिन्यांतून एकदा लोकलने यायचे. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर केलेल्या जेवणाची आठवण: भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट. बाकीच्या रविवारी आमच्यातलंच कुणी तरी वाचायचं आणि दोन शब्द बोलायचं. कुणी, कधी, कशावर, हे माझ्या वहीत. मला कुणी चिटणीस नेमलं नव्हतं. वही माझ्याकडे होती, म्हणून मी चिटणीस.

प्रभुभोजनासाठी आमच्यात एक नियम होता. गाव बदललं की जुन्या मंडळीच्या पाळकाचं पत्र आणायचं: या व्यक्तीचा बाप्तिस्मा आमच्याकडे झाला आहे, वर्तणूक चांगली आहे, हिला आपल्यात घ्यावं. पत्र आलं की वहीत नाव. वहीत नाव असेल त्यालाच भाकर. मला हा नियम फार आवडायचा. नव्या गावात, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही, तिथे निदान कागद तरी ओळख सांगतो.

त्या वर्षी मी रविवारच्या वाचनांसाठी एक विषय काढला होता. शास्त्रात मरणातून उठलेला ख्रिस्त समोर उभा आहे आणि माणसांना तो ओळखू येत नाही, अशा जागा. मरीयेला तो माळी वाटला. तळ्याच्या काठावर कोळशांवर मासे भाजणारा कोण, हे कोळ्यांना कळलं नाही. आणि अम्माऊस गावाच्या वाटेवरचे ते दोघं शिष्य, कोसच्या कोस त्याच्याबरोबर चालले आणि त्यालाच त्याच्या मरणाची हकीकत सांगत राहिले. या जागा मी वहीत डाव्या पानावर लिहिल्या. उजव्या पानावर मथळा होता: 'आपल्याकडे'. दर रविवारी मी विचारायचे, या आठवड्यात प्रभू तुम्हाला कुठे भेटला? कुणी सांगायचं, पोराचा ताप उतरला त्यात. कुणी सांगायचं, ओव्हरटाइम मिळाला त्यात. मी सगळं उतरवून घ्यायचे.

अशाच एका रविवारी दाराशी एक म्हातारी बाई येऊन बसली. लुगडं धुतलेलं, पण चुन्याचे डाग न जाणारे. उपासना झाल्यावर मी वही घेऊन गेले.

"ख्रिस्ती का, मावशी?"

"व्हय बाई. नगरकडली. मुकादमासंगं आले, क्वार्टरांच्या कामाव. पाट्या टाकते."

"जुन्या मंडळीचं पत्र आणलंय?"

"कसलं पत्र?"

मी नियम समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला.

"आमच्याकडली मिशनची शाळा मोडली, बाई. उपासना घेनारं मास्तर बी गेलं. पत्र कोन दील?"

"मग नगरला लिहा ना. रजिस्टरं तिथे असतात, जुनी सगळी."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि हसल्या. "लिवते की," म्हणाल्या.

काम मार्गी लागलं असं मला वाटलं. वहीत लिहिलं: 'एक मावशी, पत्र यायचं आहे.' मी त्या काळात महिन्याला कितीतरी पत्रं लिहीत असे. दवाखान्याची, माहेरची, मंडळीची. पोस्टकार्डं माझ्या पर्समध्येच असायची.

मावशी दर रविवारी यायला लागल्या. दाराशी त्यांची जागा ठरून गेली. सगळेच त्यांना मावशी म्हणत, मीही.

अम्माऊसच्या धड्याचा रविवार माझा होता. मी प्रश्न टाकला: त्या दोघांना तो ओळखू का आला नाही? उत्तरं आली. दुःखात होते. संध्याकाळ होत आली होती. मेलेला माणूस वाटेत भेटेल असं कुणाला वाटतं? मी एक, दोन, तीन असे आकडे घातले. तेवढ्यात आमच्यातला एक फिटर, थट्टेखोर माणूस, दाराकडे वळून म्हणाला, "काय मावशी, तुम्ही असता तर वळखलं असतं का?"

"न्हाई बा," मावशी म्हणाल्या. "मी बी न्हाई वळखलं असतं. पर त्यांनी वळख पटायची वाट कुटं बगितली? आदी म्हनले, सांज झाली, घरात या, जेवा. वळख मागनं पटली. भाकर मोडल्याव."

फिटर म्हणाला, "घ्या! आता बाईंनी काय सांगायचं राहिलं?" सगळे हसले, मीही हसले. आणि चौथा आकडा घालून ते वाक्य लिहून घेतलं. घरी येताना यजमान म्हणाले, "आजचा धडा मावशींनी घेतला." मी म्हटलं, "मुद्दा चांगला होता. उतरवून घेतलाय मी."

ते पान आज मी पुन्हा पाहिलं. अक्षर सुरेख आहे.

दोन रविवारांनी पाळकसाहेब आले. आदल्या दिवशी मी काळ्या मनुका उकळून रस गाळून ठेवला होता. छावणीतल्या सिंधी बेकरीवाल्याकडून पाव आणला, कडा काढून सारखे तुकडे केले, वहीतल्या नावांइतके आणि वर चार. पाळकसाहेब प्रार्थना करून ताटली देत, ती पुरुषांच्या बाजूला एक वडील माणूस फिरवायचा आणि बायकांच्या बाजूला मी.

दाराशी पोचले तर मावशींनी दोन्ही हात पुढे केलेले होते. एका तळव्यावर दुसरा तळवा. हात घासून धुतले होते, तेलही लावलं होतं, तरी भेगांत चुना राहिलेला दिसत होता. मी वाकून हळू आवाजात म्हटलं, "पत्र आल्यावर, मावशी."

ते हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले. "चुकलं, बाई," असं त्या म्हणाल्या. त्याही हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी लाज त्यांनी राखली, हे मला तेव्हा कळलं नाही. उपासनेनंतर उरलेले तुकडे नेहमीप्रमाणे पोरांना वाटून टाकले.

त्या यायच्या थांबल्या नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा प्रभुभोजन झालं. या खेपेला त्यांनी हात पुढे केलेच नाहीत. मला पुढे जायला वाट व्हावी म्हणून गुडघे जरा बाजूला घेतले.

नंतर मी विचारलं, "आलं का पत्र?"

"वाटंव असंल," त्या म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. दवाखान्यात सकाळची गर्दी होती. बाहेर बाकावर बसलेल्यांना पत्र्याचे नंबराचे बिल्ले द्यायचे, ही पद्धत मीच सुरू केली होती. मावशी थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "बाई, येक काम व्हतं."

"बिल्ला घ्या मावशी, नंबर आला की बोलावते."

त्यांनी बिल्ला घेतला आणि बाकावर जाऊन बसल्या. त्या आजारी दिसत नव्हत्या, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा बाकावर नुसता बिल्ला होता.

"ती म्हातारी गेली," कंपाउंडर म्हणाला. "कामाची टोळी हलली ना, ट्रक सुटत होता. नर्सबाईकडून नगरला एक कागद लिहून घ्यायचा होता, म्हणत होती. तिला लिहिता येत नाही."

मी तो बिल्ला उचलला आणि पुढचा नंबर पुकारला. दुपारी जेवायच्या सुट्टीत क्वार्टरांमागच्या झोपड्यांकडे गेले. चुलींचे दगड तेवढे राहिले होते.

पाळकसाहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मनात होतं, ते म्हणतील, नियम तो नियम. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"अहो, मला एका शब्दाने सांगायचंत! पत्राचा नियम कशासाठी आहे? एका गावी भांडून दुसऱ्या गावी पळणाऱ्यांसाठी. त्या बाईला मी विचारलं असतं, येशू तुझा कोण? तिने सांगितलं असतं. झालं."

मी वही मांडीवर ओढली. त्यांनाही वाईट वाटलं असावं. आवाज उतरवून म्हणाले, "जाऊ द्या. नाव सांगा त्यांचं. नगरला माझी ओळख आहे, रजिस्टर काढायला लावतो."

मी वही उघडली. 'एक मावशी, पत्र यायचं आहे.' तेवढंच. नाव पत्रात येणार होतं, म्हणून मी विचारलंच नव्हतं. जिला दोनदा भाकर नाकारली त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं.

ती टोळी चाकणला एका गोदामाच्या कामावर आहे असं कुणीतरी सांगितलं. साप्ताहिक सुट्टीला मी एसटीने गेले. पिशवीत कागद आणि पाकीट होतं, पेनात शाई भरून घेतली होती. मुकादम झाडाखाली बसला होता.

"नगरकडची मावशी हवी होती. म्हातारी."

"ताई, निम्म्या बाया नगरकडल्याच हायती. नाव सांगा."

"नाव माहीत नाही."

"मंग हाक काय मारू?" तो हसला, पण माणूस भला होता. उठून उभा राहिला आणि मोठ्याने ओरडला, "ओ मावशी!"

डोक्यावर पाट्या घेतलेल्या चार बायका एकदम वळल्या. चौघीही म्हाताऱ्या. त्यांत आमची मावशी नव्हती.

त्यांची जेवायची वेळ झाली होती. त्यांच्यातल्या एकीला आठवलं. "ती व्हय, ऐतवारी काम न करनारी? ती हितं न्हाई आली. वाटंतच उतरली, कुटं ते ठाव न्हाई. मुकादम किती शिव्या घालायचा तिला! हाजरी बुडवून ऐतवारचं जायची कुटं तरी."

कुठे जायची ते मी सांगितलं नाही.

"बसा की," ती म्हणाली. तिने फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. वर कांदा ठेवला. मी कोण, कुठली, कशाला आले, हे तिने विचारलं नव्हतं. सवयीने मी तिचं नाव विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी भाकरी घेतली. खाऊन झाल्यावर नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि तेव्हा माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, कांदा तिखट हाय जरा. मी हो म्हटलं.

आता आमच्याकडे नवा माणूस आला की मी पत्राच्या आधी नाव विचारते आणि पत्र मीच लिहिते. पत्र यायचं असलं तरी ताटली कुणाला वगळून पुढे जात नाही. पाळकसाहेबांनी तसं ठरवून दिलं आहे. वहीत इतर नोंदी पुऱ्या झाल्या की मी त्यांवर रेघ मारते. ती एक ओळ तशीच आहे. तिच्यावर रेघ मारता येत नाही, आणि पुरी करायला माझ्याकडे नाव नाही.