सातला न पेटणारी गाडी

काशीदच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच चांगदेव घरताचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे काय, तर वर चार पत्रे, मध्ये एक खड्डा आणि दारात उभ्या पाच-सहा गाड्या. शनिवार-रविवारी पुण्यामुंबईची हौशी मंडळी गाडी वाळूत घालतात, लाटांशी खेळवतात, आणि ती बंद पडली की चांगदेवाचा धावा करतात. चांगदेव येतो, पण बॉनेटला लगेच हात लावत नाही. आधी विचारतो, “गाडीला शेवटचा हात कोनी लावला?”

हा त्याचा ठरलेला प्रश्न. गाडी आपणहून क्वचितच बिघडते, तिला कुणीतरी बिघडवलेलं असतं, असं त्याचं ठाम मत. आणि माणसाची जातच अशी, की पहिल्या दमात कुणी कबूल होत नाही. “छे हो, आम्ही कशाला हात लावू!” मग चांगदेव शांतपणे एकेक प्लग काढतो, त्यातलं पाणी दाखवतो, आणि साहेब हळूच म्हणतात, की काल दसरा होता, इंजिनावर जरा नळी सोडली होती. त्यावर चांगदेव असा काही हसतो, की गिऱ्हाइकाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हा त्याचा दोषच म्हणायचा.

माणूस कामाचा मात्र पक्का. बाप लाँचवर इंजिन सांभाळायचा. स्वतः त्याने अकरा वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरखाली काढली आणि मग गावी येऊन हे दुकान थाटलं. बापाकडून त्याने एक रीत उचलली होती. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून लाँचवर नटबोल्टपासून कडीकोयंड्यापर्यंत सगळ्याला खोबरेल लागायचं. चांगदेवही काम उरकलं की वायरींच्या प्रत्येक जोडणीत घरच्या खोबरेलाचं बोट फिरवायचा. गावात त्याला ‘चांगदेवाचा टिळा’ म्हणत. टिळा लागला म्हणजे काम पुरं झालं.

श्यामलाबाईंची गाडीही त्याच्याचकडे. बाईंनी त्याला चौथीत शिकवलेलं, त्यामुळे पंचावन्न वर्षांचा हा बाप्या त्यांच्यापुढे अजून उभाच राहतो. बाईंचे यजमान, ज्यांना सगळं गाव दादा म्हणतं, त्यांचं अंग दोन वर्षांपूर्वी एका बाजूने लुळं पडलं. मुलगा सलिल पुण्याला. तो म्हणाला, वाडी विका आणि इकडे या. बाई म्हणाल्या, बघते. आणि सहासष्टाव्या वर्षी या बाईने गाडी शिकून घेतली! दर मंगळवारी आणि शुक्रवारी सातला दादांना गाडीत बसवायचं आणि आठला अलिबागच्या डॉक्टरकडे व्यायामाला पोचवायचं. त्या व्यायामावर दादा आता काठी घेऊन ओटीपर्यंत येत होते.

डिसेंबर लागला आणि गाडी रुसली. सातला चावी फिरवावी तर इंजिन घरघरतं, पण पेटत नाही. बाई फोन करायच्या, चांगदेव दहापर्यंत यायचा, आणि त्याने चावी फिरवली रे फिरवली की गाडी लगेच सुरू! तीन आठवड्यांत सहा खेपा हेच झालं. बॅटरी तपासली, प्लग बदलले, काही सापडेना. सलिलने फोनवर विचारलं तेव्हा चांगदेव बोलून गेला, “गाडी ठनठनीत हाय. बाईंचंच चावी फिरवताना कायतरी चुकतंय. वय झालं ना आता.”

झालं! सलिलला तेवढंच हवं होतं. त्याने रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक बोलावलं आणि स्वतःच्या इमारतीत तळमजल्याची जागा घेऊन ठेवली. गाडी नाही म्हणजे व्यायाम नाही, आणि व्यायाम नाही म्हणजे इथे राहणं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाई चालत गॅरेजवर आल्या. “चांगदेवा, उद्या शुक्रवार. साडेसहाला ये. माझ्या हातात चावी असताना बघ आणि माझं काय चुकतं ते सांग.” आवाज चढलेला नव्हता, तरी चांगदेवाला मान वर करवेना.

शुक्रवारी थंडी चांगली होती. बाईंनी शाल गुंडाळली, चावी फिरवली. घर्र घर्र, पुढे काही नाही. मग चांगदेव स्वतः बसला आणि त्याने चावी फिरवली. घर्र घर्र. पुढे काही नाही.

म्हणजे बाईंचा हात नव्हे! त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो खाली उतरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन जोरात फिरतंय, तेव्हा बॅटरी बरी. प्लग काढला तर पेट्रोलने ओला, तेव्हा पेट्रोल येतंय. प्लगला वायर जोडून तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि म्हणाला, “बाई, फिरवा.” ठिणगी नाही. ठिणगी देणाऱ्या कॉईलला बल्बची तार लावली, बल्ब लागला. म्हणजे कॉईलला वीज आहे, पण ‘आता ठिणगी टाक’ हा निरोपच तिला मिळत नाही. तो निरोप येतो खालून, गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरकडून. चांगदेव गोणपाट टाकून गाडीखाली सरकला आणि सेन्सरचा जोड ओढून काढला.

आत पांढरं काहीतरी थिजलं होतं. त्याने बोट लावलं, वास घेतला. खोबरेल.

नवरात्रात क्लचचं काम त्यानेच केलं होतं. नंतर या गाडीखाली दुसरं कुणी गेलंच नव्हतं. जोडातली पिन जराशी सैल, तिच्या फटीत भरलेलं तेल थंडीत गोठायचं आणि निरोप अडवायचं. दहापर्यंत ऊन इंजिनावर आलं की वितळायचं. अहो, थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि या मिस्त्रीला तीन आठवडे सुचलं नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो तिथेच पडून राहिला. ‘खारी हवा लागली, वायर सडली,’ एवढं म्हटलं असतं तर कुणी हुं की चूं केलं नसतं. पण मग सलिल म्हणणार, बघ आई, हवाच वाईट, काढून टाक गाडी. चांगदेवाने जोड पेट्रोलने धुतला, पिन आवळली आणि बाहेर आला. बाईंनी चावी फिरवली. गाडी पहिल्या फिरकीत सुरू झाली.

“काय होतं रे?”

“माझं खोबरेल, बाई. गोठत होतं. चूक माझी. तुमचं कायबी चुकलं न्हाय.”

बाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, “माझी आई शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हती. तू सलिलला माझं वय झालं म्हणालास ना, तेव्हापासून मला वाटायचं, माझंही सुरू झालं. चावी कशी फिरवली ते दर वेळी वहीत लिहीत होते मी.” आणि त्या रडल्या.

चांगदेव म्हणाला, “बाई, मारा मला.”

“मारून काय होणार? सलिलला फोन लाव. माझ्यासमोर सांग.”

त्याने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. पलीकडे सलिल घुटमळला. “ते ठीक आहे हो, पण गिऱ्हाईक रविवारी येतंय...” बाईंनी फोन हातात घेतला. “त्याला येऊ नको म्हणून कळव. आणि ठेवते आता, उशीर झालाय.”

चांगदेवाने दादांना धरून गाडीत बसवलं. “मी येतो बरोबर. वाटेत काय झालं तर?”

“काही होत नाही,” बाई म्हणाल्या. “तू बाकीच्यांच्या गाड्या उघड. आणखी कुणाकुणाला वय झालं म्हणून सांगितलं आहेस, देव जाणे.”

गाडी वळणाआड गेली. चांगदेव गॅरेजकडे गेलाच नाही. शेजारी म्हातारे कोंडाजी दात घासत उभे होते. त्यांची गाडीही सकाळी पेटेना म्हणून पंधरा दिवसांपासून झाकून ठेवलेली होती. चांगदेव त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, चावी द्या. माझी चूक काढायची हाय.”