व्हेपोरायझरवरचा बर्फ

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत कागदाच्या रिळांचं एक गोदाम आहे. तिथल्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्या दीक्षा साळवेला कुणी ‘मॅडम’ म्हटलं, तर ती मागे वळून बघते, कोण बाई आल्यात म्हणून. आयटीआय करून ती इथे लागली, तिची मुलगी आता कॉलेजात जाते, पण बाईंचा जीव अजून गॅसवर चालणाऱ्या एका जुन्या फोर्कलिफ्टमध्येच अडकलेला. नवऱ्याची, प्रज्ञेशची, त्याबद्दल तक्रार नाही. घरचा पंखा फुकटात दुरुस्त होतो, एवढ्यावर तो खूश असतो.

यंदा मात्र गोदामाचे मालक अनिरुद्ध देवधर यांनी बॅटरीवरच्या गाड्या घ्यायचं मनावर घेतलं. त्यांची देखभाल त्या गाड्या विकणारी कंपनीच करणार होती. म्हणजे गॅसची गाडी गेली की दीक्षाचं कामही गेलं, हे कळायला ज्योतिषी नको होता. तिने मालकांना गळ घातली, “साहेब, मागच्या चढावर हिला एकदा भार देऊन बघा, मग ठरवा.” दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायचं ठरलं.

त्या सकाळी चालक संभाजीने ऐटीत गाडी काढली. खंडेनवमीला धुऊन पुसून पूजा झालेली, झेंडूची माळ अजून गळ्यात. रीळ उचललं, चढाला लागली, आणि अर्ध्यावर आचके देत बंद पडली. संभाजीने ती कशीबशी खाली सपाटीवर घेतली. दीक्षाने झाकण उघडलं. ऑक्टोबरच्या भर उन्हात इंजिनाशेजारच्या व्हेपोरायझरवर, म्हणजे पातळ गॅसची वाफ करणाऱ्या डब्यावर, पांढराशुभ्र बर्फ जमला होता.

“वा!” देवधर म्हणाले. “माल नाही चढला तरी कुल्फीचा धंदा होईल.”

आधी दीक्षाला सिलिंडरचाच संशय आला. तो गाडीच्या पाठीवर आडवा बसतो. त्याची पिन नेमक्या भोकात बसली नाही, तर आतली नळी वर राहते आणि पातळ गॅसऐवजी वाफच ओढते. तिने पिन तपासली. ती जागेवर होती. मग तिला स्वतःचाच राग आला. वाफच आली असती तर एवढा बर्फ जमलाच नसता, हे तिला सुचायला हवं होतं.

“गॅस गळत असेल हो,” देवधर म्हणाले.

तिने सिलिंडर चालू ठेवूनच जोडांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. “गळत नाही, साहेब. सिलिंडरमधून गॅस पातळ येतो. ह्या डब्यात त्याची वाफ होते, ती पुढे हवेत मिसळून इंजिनात जळते. पण वाफ व्हायला ऊब लागते. ती इंजिनाचं गरम पाणी देतं. ऊब मिळाली नाही की डबाच गारठतो.”

“मग पाणी कुठे गेलं?”

तेच तर बघायचं होतं. तिने व्हेपोरायझरला जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर हात ठेवला. थंडगार! इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी बरंच खाली.

“संभाजीमामा, रेडिएटरला हात लावला होता का?”

संभाजी माळेतलं फूल कुस्करू लागला. “दर वर्षी बाहेरून अंघोळ घालतो. यंदा म्हटलं, हिची शेवटची खंडेनवमी, आतूनबी घालावी. जुनं पाणी काढून स्वच्छ भरलं. काठोकाठ भरलं होतं, पोरी!”

दीक्षाने कपाळाला हात लावला. काठोकाठ दिसलं, पण आत हवा अडकली होती. पुढे हवा सरकली आणि पाणी खाली गेलं. रागवावं तरी कुणावर? ह्या माणसाने मायेने घात केला होता. तिने पुन्हा पाणी भरलं, इंजिन मंद ठेवून डब्याची वरची नळी सैल केली. फसफसत हवा निघाली आणि मग सलग पाणी आलं. हळूहळू बर्फ वितळून थेंब पडू लागले. संभाजीने गिअर टाकला, आणि गाडी रीळ घेऊन चढ सहज चढून गेली. परत आली, पुन्हा गेली.

देवधर चढापाशी आले. “गोदामात बॅटरीच्याच गाड्या येतील,” ते म्हणाले, “पण चढावर ही राहू दे. आणि मामा, पुढच्या वर्षी फक्त बाहेरून.”

ते ऑफिसकडे वळले. दीक्षाला राहवेना. सकाळपासून गिळून ठेवलेला प्रश्न तिने विचारून टाकला. “साहेब, आणि मी?”

देवधरांनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, गाडी राहणार म्हटल्यावर तुम्ही कुठे निघालात?”

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते तिने लपवलेही नाहीत. “हे आधी सांगायचं ना,” ती म्हणाली, “सकाळपासून घशाखाली चहासुद्धा उतरला नाही.”