शाल, नारळ आणि जेरुसलेम

मुलाखत लॅपटॉपवरच होणार होती, तरी मला आठवडाभर जेवण जात नव्हतं. युरोपातल्या एका थंड शहरात मध्ययुगाच्या इतिहासात एमए करायचं होतं. तिथल्या दोन प्राध्यापकांनी प्रश्न आधीच कळवला होता: मध्ययुगातले ख्रिस्ती लोक घरदार सोडून इतक्या लांब जेरुसलेमसाठी लढायला का गेले? नीट बोलले तर जागा मिळणार, नाहीतर पुन्हा दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात दुसऱ्यांची प्रेझेंटेशन्स सरळ करत बसायचं.

आणि मी चारचौघांत बोलत नाही. शाळेत हजेरीला म्हटलेलं माझं ‘प्रेझेंट’ टीचरला कधी ऐकूच गेलं नाही. म्हणून आईने शुक्रवारी शारजातल्या आमच्या रोल्लाच्या फ्लॅटमध्ये रंगीत तालीम ठेवली. प्रेक्षक तीन: आई, बाबा आणि समोर राहणारे रत्नागिरीचे चाचा.

मी इंग्लिशमध्ये सुरुवात केली.

“मराठीत सांग गं, चाचा बसलेत,” आई म्हणाली.

“भाभी, मला येतं इंग्लिश. अडचण भाऊंची आहे,” बाबांकडे बघत चाचा म्हणाले.

मी मराठीत पहिला मुद्दा सांगितला: पोपने वचन दिलं होतं, जे जातील त्यांची पापं माफ होतील.

“म्हणजे एजंट.”

“नाही चाचा, धर्मगुरू.”

“तेच ते, बेटा. तिकडे सगळी सोय आहे, म्हणाला असेल.”

पुढे ते लढले कोणाशी, हे चाचांसमोर सांगताना मी अडखळले. “आम्हा मुसलमानांशी ना? बोल बिनधास्त. मी काय तेव्हाचा आहे?”

मग मी जमिनीच्या लोभाचा मुद्दा काढला, आणि लगेच म्हणाले की उलट अनेकांनी जाण्यासाठीच घरची जमीन विकली. संत्रं सोलणाऱ्या बाबांनी वर बघितलं. “मग गेले कशाला?”

“सगळ्यांसमोर शपथ घ्यायचे. खांद्यावर कापडाचा क्रॉस शिवून घ्यायचे. त्यानंतर घरी राहिलं तर लोक नावं ठेवायचे.”

बाबांनी संत्रं खाली ठेवलं. “हे मात्र पटलं.”

बाबा दुबईला आमच्या शिक्षणासाठी आले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तेव्हा त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

“गावच्या मंडळाने सत्कार केला माझा,” बाबा म्हणाले. “शाल, नारळ, दोन भाषणं. आणि व्हिसा आलाच नव्हता! तीन महिने आला नाही. कुठल्या तोंडाने गावात फिरणार? ताईकडे डोंबिवलीला लपून राहिलो.”

“अहो, तिकडे कोर्स केला म्हणत होतात ना?”

“केला की. ताईची पोरं सांभाळायचा.”

“पण तुम्हाला यायचं होतं का?” मी विचारलं.

“नारळ हातात दिल्यावर कोण विचारतंय?”

“यल्ला, चला, इंटरव्ह्यूला भाऊंनाच बसवा,” चाचा म्हणाले.

सोमवारी मुलाखतीत दुसऱ्या मुद्द्यानंतर माझं डोकं रिकामं झालं. मी खांद्यावरच्या कापडाचं सांगितलं आणि त्या ओघात शाल-नारळाचंही. सत्कार म्हणजे काय, हे समजावण्यातच पाच मिनिटं गेली.

“म्हणजे त्यांची श्रद्धा खोटी होती?” एकाने विचारलं.

“नाही. श्रद्धा होतीच. पण निरोप द्यायला सगळं गाव जमलं होतं, तेही होतं.” हे मी मोठ्याने बोलले होते.

खोलीबाहेर बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराचं कधीच न बिघडलेलं हँडल घट्ट करत होते.

“माझं सांगितलंस?”

“हो.”

“हसले असतील.”

“एक हसले. दुसऱ्यांनी लिहून घेतलं.”

“लिहून घेतलं?” बाबा स्वयंपाकघरात गेले आणि आईला हे दोनदा सांगून आले.

दहा दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं, घडी घालावी तसा लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाले, “पण इतक्या लांब कशाला जायचं?”

मी इतिहासाची आवड, चांगली लायब्ररी वगैरे सांगितलं. बाबांनी मान हलवली. त्यांना पटलेलं नव्हतं, आणि खरं कारण माझं मलाही अजून नीट माहीत नव्हतं.